चेनची ढील

२०२२ च्या जुलै महिन्यात माझा धाकटा भाऊ पुण्याहून निघून चौथ्या दिवशी सायंकाळी दिल्लीस आमच्या दारात उतरला, तेव्हा आधी त्याच्याकडे पाहावे की त्याच्या मोटारसायकलकडे, हे आईला उमजेना. दोघेही सारखेच चिखलाने माखलेले होते. पावसातून सुमारे साडेचौदाशे किलोमीटरची मजल झाली होती, आणि ज्यासाठी हा सारा खटाटोप होता तो मनालीहून लेहपर्यंतचा प्रवास अद्याप पुढेच होता. त्याचा एक मित्र दुसऱ्या मोटारसायकलवर त्याच्यासोबत होता. तीन दिवस आमच्याकडे मुक्काम करावयाचा, गाड्या तपासून घ्यावयाच्या आणि मग हिमालयाची वाट धरावयाची, असा त्यांचा बेत होता. आई त्या सुमारास माझ्याकडेच राहावयास आली होती. तिला हा बेत मुळीच पसंत नव्हता. पण लेकाला चार दिवस जेवू घालता येईल, या विचाराने ती गप्प राहिली.

आमचे आजोबा मोटारसायकलला 'फटफटी' म्हणत. भावाची गाडी मात्र फटफटीच्या कल्पनेत बसणारी नव्हती. लांबच्या आणि खडतर वाटेसाठी घडविलेल्या या जातीला 'ॲडव्हेंचर टूरिंग' असे नाव आहे. जर्मनीतील बी.एम.डब्ल्यू. कंपनीने १९८० मध्ये सुमारे ८०० सीसीची एक गाडी काढली आणि तिच्या नावात दोन अक्षरे घातली. त्यांतील एकाचा अर्थ रानवाट व दुसऱ्याचा रस्ता असा होता. दुसऱ्याच वर्षी, १९८१ मध्ये, पॅरिस ते डाकार ही सहारा ओलांडणारी शर्यत ह्यूबेर ओरिओल या स्वाराने याच कंपनीच्या मोटारसायकलवर जिंकली, आणि हे दोन अक्षरांचे नाव सर्वतोमुखी झाले. आपल्याकडे रॉयल एनफील्डने २०१६ मध्ये ४११ सीसीची 'हिमालयन' बाजारात आणली. के.टी.एम.ची '३९० ॲडव्हेंचर' तर पुण्याजवळ चाकण येथे बजाजच्या कारखान्यातच तयार होऊ लागली. या गाड्या उंच असतात, टाकी मोठी असते, पुढचे चाक पुष्कळदा मोठ्या व्यासाचे असते. आणि मुख्य म्हणजे खड्डे-दगड पचविण्यासाठी चाकांना वर-खाली होण्यास भरपूर वाव ठेवलेला असतो. भावाच्या गाडीत मागच्या चाकाचा हा पल्ला सुमारे १८० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर होता. वाचकांनी ही वीत ध्यानात ठेवावी. पुढे जे घडले त्याचे मूळ तिच्यात आहे.

पहिला दिवस गाडी धुण्यात गेला. मला हा नुसता टापटिपीचा भाग वाटला होता. परंतु तेलाची गळती, सांगाड्याचा तडा, तुटलेला आरा, सैल पडलेला नट ही सारी दुखणी चिखलाखाली लपून बसतात, आणि धुतल्यावाचून ती दिसत नाहीत, असे भावाचे म्हणणे. पाण्याचा जोरदार फवारा मात्र त्याने चाकाच्या मध्यावर मारू दिला नाही. तेथील बेअरिंगमध्ये पाणी शिरले की ग्रीस धुऊन जाते आणि शे-दोनशे किलोमीटरवर चाक डुगडुगू लागते. बादली, जुना ब्रश आणि फडके, एवढ्यावर दोघांनी संध्याकाळपर्यंत दोन्ही गाड्या लख्ख केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने माझ्याकडे नखांचे रंग मागितले, तेव्हा मी थक्क झाले. "ताई, लालभडक असेल तो दे," असे म्हणून त्याने ती कुपी नेली आणि प्रत्येक महत्त्वाच्या नटावर, नटापासून शेजारच्या भागापर्यंत जाणारी एक बारीक रेघ ओढली. खडबडीत रस्त्यावर इंजिनाच्या व वाटेच्या थरथरीने नट हळूहळू फिरतात. नट फिरला की रेघ तुटते, आणि सकाळी गाडीभोवती एक फेरी मारताच पाना हाती न घेता कोणता नट हलला ते कळते. माझी कुपी अर्धी रिकामी झाली, पण युक्ती मला फार आवडली.

मग मी खुर्ची टाकून अंगणातच बसले. या कामाविषयी माझी समजूत अशी होती, की दूरच्या प्रवासापूर्वी सर्व काही आवळून घट्ट करावयाचे असते. प्रत्यक्षात भाऊ निम्म्या ठिकाणी सैलच करीत होता. हँडलवरील क्लच व ब्रेक यांचे दांडे ज्या पट्ट्यांनी धरलेले असतात, त्यांचे स्क्रू त्याने थोडे ढिले केले. इतके, की दांडा आपोआप हलू नये, पण जोर दिल्यास जागेवर फिरावा. कच्च्या वाटेवर गाडी आडवी होणे ठरलेलेच. घट्ट आवळलेला दांडा जमिनीवर आपटून मोडतो. सैल दांडा फिरून बाजूस होतो. तेल काढण्याच्या तळच्या बोल्टाशी आल्यावर त्याने टॉर्क पाना घेतला. इंजिनाचे कवच ॲल्युमिनियमचे, बोल्ट पोलादाचा. अंगातला सारा जोर लावला तर आटे जातात, आणि आटे गेलेल्या इंजिनातून तेल ठिबकायला लागते. टॉर्क पाना ठरलेल्या जोराला 'टक्' असा आवाज करतो. तेथे थांबावयाचे.

इंजिनातील व्हॉल्व्हची गोष्ट तर मला आणखीच चमत्कारिक वाटली. व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा भाग यांच्यात थंड इंजिनात कागदाच्या जाडीइतकी फट ठेवावी लागते, कारण तापल्यावर धातू वाढतो. फट जास्त झाली तर इंजिन खटखट वाजते आणि मालक घाबरून मिस्त्रीकडे धावतो. फट कमी झाली तर मात्र इंजिन छान शांत चालते; पण व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, जळते वायू त्याच्या कडेवरून निसटत राहतात आणि एके दिवशी तो करपतो. म्हणजे जो दोष ऐकू येत नाही तोच अधिक घातक. फट मोजण्याच्या पोलादी पात्यांचा जुडगा आणून त्याने ते काम पुण्यासच उरकले होते.

ब्रेकचा उल्लेख येथे विस्ताराने करणे अवश्य आहे, कारण तो जिवाशी गाठ घालणारा विषय आहे. आजच्या मोठ्या मोटारसायकलींना तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक असतात. या ब्रेक-तेलाचा स्वभाव असा, की ते हवेतील ओलावा शोषून घेते. सामान्यतः वापरले जाणारे 'डॉट ४' प्रतीचे तेल ताजे असताना निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, अशी अट असते. ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. सामानाने लादलेली गाडी घाटातून उतरताना स्वाराने सतत ब्रेक दाबून धरला, तर पॅड आणि चकती यांची उष्णता तेलापर्यंत पोहोचते. ते उकळले की त्यात बुडबुडे होतात, आणि द्रव जसा दाब पुढे पोहोचवितो तसा बुडबुडा पोहोचवीत नाही. दांडा नुसताच हँडलला टेकतो, गाडी थांबत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेक-तेल बदलावे, ते दिसावयास कितीही चांगले असो. आणि उतारावर खालचा गिअर टाकून गाडी इंजिनाच्या ओढीवर उतरवावी. भावाच्या मित्राच्या गाडीतील तेल ताकातल्या चहासारखे गढूळ झाले होते. ते दुसऱ्या दिवशी दुपारी काढून टाकण्यात आले. आपल्या घरी मोटारसायकल असेल, मग ती लेहला जाणारी असो वा कचेरीत, तर हे तेल शेवटचे केव्हा बदलले ते एकदा अवश्य विचारावे.

चेनची पाळी आली ती तिसऱ्या दिवशी, निघण्याच्या आदल्या संध्याकाळी. पावसातून आल्यामुळे ती कोरडी पडली होती आणि लोंबतही होती. रॉकेल व ब्रश घेऊन त्याने ती स्वच्छ केली. या चेनच्या कड्यांत रबराच्या बारीक चकत्या असून त्यांच्या आत कारखान्यातच ग्रीस भरलेले असते. पेट्रोलने त्या चकत्या खराब होतात, म्हणून रॉकेल. मागचे चाक त्याने हाताने फिरविले. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडके लावणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांतील एखाद्याचे बोट फडक्यासह स्प्रॉकेटमध्ये गेले, म्हणजे ते परत येत नाही. घरात कोणी असे करीत असेल तर त्याला तत्काळ थांबवावे.

चेन ताणण्यासाठी मागच्या आसाचा नट सैल करून, दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवीत चाक मागे सरकवावे लागते. भावाचे हात तेलकट होते. तो म्हणाला, "ताई, पुस्तिकेत ढील किती लिहिली आहे ते वाच ना." गाडीची पुस्तिका इंग्रजीत होती. परभाषेतील मजकूर मराठीत सांगणे हा तर माझा नित्याचा व्यवसाय. मी पान काढले आणि वाचून दाखविले, की चेन मधोमध वर-खाली हलविली असता ढील ४५ मिलिमीटरहून अधिक नसावी. पान तेथे संपत होते. मी पुस्तिका मिटली.

आता, 'ढील' हा आपल्या भाषेत काही सद्गुण नव्हे. कामात ढिलाई, कारभारात ढिलाई, असेच आपण बोलतो. आणि अधिक नसावी म्हटले की जितकी कमी तितकी चांगली, असा अर्थ मनात आपसूक उमटतो. माझ्या मनात तोच होता, भावाच्याही. गाडी मधल्या स्टँडवर रिकामी उभी होती. त्याने चेन ताणली, ती बोटाने दाबून पाहिली, आणखी थोडी ताणली. शेवटी ती जेमतेम १५ मिलिमीटर हलत होती. दोघांनाही मोठे समाधान वाटले.

आई ओसरीवर भाजी निवडीत बसली होती. तिने आयुष्यातील तीस वर्षे पायाच्या शिवणयंत्रावर काढली आहेत. ती एवढेच म्हणाली, "फार ओढलंस का रे? माझ्या मशीनचा पट्टा असा ओढला की पायटा जड होतो." भाऊ हसून म्हणाला, "आई, हे मशीन वेगळं आहे."

पहाटे ते निघाले. दुसऱ्या रात्री मनाली आणि तिसऱ्या दिवशी अटल बोगदा ओलांडून ते लाहौलमध्ये उतरले. हा नऊ किलोमीटरचा बोगदा २०२० मध्ये खुला झाल्यापासून रोहतांगचा घाट चढावा लागत नाही. टांडीच्या पंपावर टाक्या व डबे भरून घेतले. पुढे पेट्रोलचा भरवसा थेट लेहजवळच्या कारूपर्यंत नाही, म्हणून या वाटेचा प्रत्येक प्रवासी येथे थांबतोच. त्या रात्री मुक्काम जिस्पा येथे, भागा नदीच्या काठी.

जिस्पाला गाडीची पेटी उतरविताना भावाला मागच्या टायरवर तेलाचा तुषार दिसला. दिवसभर खालून एक घरघर येत होती, ती त्याने रस्त्याच्या माथी मारली होती. पुढच्या लहान स्प्रॉकेटचे झाकण काढले, तो आत तेल साचलेले. दुसऱ्या दिवशी बारालाचा खिंड होती, सुमारे ४,८९० मीटर उंच; त्यापलीकडे सरचू आणि मग वस्तीचे नाव नसलेला माळ. या गाडीत इंजिन आणि गिअर यांना एकच तेल पुरते. तेल गळत राहिले तर इंजिन जाम होणार, आणि मागच्या टायरवर उडत राहिले तर वळणावर गाडी घसरणार. मित्राचे मत होते, सकाळी पुढे जाऊन पाहू. भावाने, त्याच्या स्वभावाविरुद्ध, माघारी केलाँगला जाण्याचे ठरविले. वीस-बावीस किलोमीटर तो रांगत गेला.

केलाँगच्या मिस्त्रींनी गाडीला हातही लावला नाही. भाऊ आणि त्याचा मित्र या दोघांना त्यांनी सामानासकट गाडीवर बसविले आणि खाली वाकून चेनला एक बोट लावले. चेन तारेसारखी ताठ होती. तिच्यावर टिचकी मारून त्यांनी विचारले, "किताब में कितना लिखा है, बेटा?"

पुस्तिका माझ्या घरी फळीवर राहिली होती. सकाळी साडेनऊला फोन आला. "ताई, ते पान पुन्हा काढ." मी पान काढले, ते वाचले आणि उलटले. मागच्या बाजूस वाक्याचा उरलेला अर्धा भाग होता: ढील ३५ मिलिमीटरहून कमीही नसावी, मोजणी गाडी साइड स्टँडवर, सामानाविना असताना करावी, चेन फार ताठ राहिल्यास गिअरपेटीच्या बेअरिंगला व सीलला इजा पोहोचते. मी ते वाचून दाखविले. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नव्हता. मग तो म्हणाला, "बरं." आई शेजारीच उभी होती. तिने फोन मागितला आणि विचारले, "सकाळपासून काही खाल्लंस का?"

हे असे का होते, ते नंतर भावाने मला कागदावर आकृती काढून समजावून दिले. मागचे चाक ज्या लांब बाहूला धरलेले असते, तो बाहू एका खिळीभोवती वर-खाली होतो. चेन मात्र त्या खिळीपासून सुरू होत नाही. ती खिळीच्या थोडी पुढे असलेल्या लहान स्प्रॉकेटवरून येते. म्हणून बाहू वर-खाली होताना स्प्रॉकेट आणि चाक यांमधील अंतर बदलत राहते. स्प्रॉकेट, खिळ आणि चाकाचा आस हे तिन्ही एका रेषेत आले की ते सर्वांत जास्त असते. गाडी रिकामी असते तेव्हा चाक खाली लोंबत असते, अंतर कमी असते. सामान लादले, स्वार बसला, खड्डा आला, की चाक वर येते, अंतर वाढते, आणि ते वाढलेले अंतर चेनने द्यावे लागते. तिच्यात ढील नसेल तर ती गिअरपेटीच्या आसालाच मागे खेचते. चाकाचा पल्ला जितका मोठा, तितकी ही ओढाताण अधिक. घरच्या साध्या मोटारसायकलला जी चूक कदाचित खपून गेली असती, ती वीतभर पल्ल्याच्या या गाडीने चार दिवसांत उघडी पाडली.

बेअरिंग सुदैवाने शाबूत होते. सील मात्र गेले होते, आणि त्या मापाचे सील केलाँगमध्ये मिळेना. मिस्त्रींनी मनालीतील एका दुकानदाराला फोन केला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसने पाकिटातून ते आले. या गाडीत ते इंजिन न उघडता बाहेरूनच बसविता येते. जुने सील स्क्रू-ड्रायव्हरने उचकटताना आसावर ओरखडा उठू नये म्हणून मिस्त्रींनी मध्ये रबराचा तुकडा धरला, नव्या सीलच्या ओठाला तेल लावले, आणि योग्य मापाची लोखंडी नळी टेकवून हलक्या हातोडीने ते सरळ आत बसविले. काम पाऊण तासाचे. त्यासाठी दोन दिवस गेले. मजुरीचे पैसे त्यांनी इतके थोडे सांगितले, की भावाला संकोच वाटला.

पुढचा प्रवास सुखरूप झाला. भावाने रोज सकाळी तीन गोष्टी केल्या: लाल रेघा पाहिल्या, इंजिनातील तेल पाहिले आणि चेन मोजली. टांगलांग खिंडीवर, सुमारे ५,३०० मीटर उंचीवर, हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या जवळजवळ निम्माच उरतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या तेथे काळा धूर ओकतात, कारण पेट्रोल तेवढेच येते आणि हवा अपुरी पडते. काही जण अशा वेळी एअर फिल्टरच काढून टाकतात. तो मोठाच अविचार होय. वाटेवरची धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाऊन त्याला घासून काढते. भावाच्या गाडीत हवेचा दाब पाहून पेट्रोल बेताने सोडणारी यंत्रणा असल्यामुळे धूर झाला नाही, परंतु ताकद मात्र कमी झाली, आणि चढावर त्याला दुसऱ्या गिअरवर समाधान मानावे लागले. पांगच्या अलीकडे वाळूत एकदा गाडी आडवी झाली. ब्रेकचा दांडा फिरला, मोडला नाही. गाडीकडे पाठ करून, बैठकीला कंबर टेकवून, पायांच्या जोरावर मागे पावले टाकीत ती कशी उभी करावयाची, हे त्याने मला परत आल्यावर अंगणात करून दाखविले. मीही एकदा उभी केली. वाकून उचलण्याचा प्रयत्न केला असता तर आठवडाभर पाठ धरून बसावे लागले असते.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ते दिल्लीला परतले. पुण्यास पोहोचल्यावर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट बदलावी लागली. झिजलेल्या दातांवर नवी चेन चढविली तर तीही लवकर जाते, म्हणून ही तिन्ही एकदम बदलतात. पुस्तिका आता गाडीच्या पेटीतच असते. चेनचे ते वाक्य मी पूर्ण, दोन्ही आकड्यांसह, मराठीत लिहून तिच्या पहिल्या पानावर चिकटविले आहे. आईने ते चष्मा लावून वाचले आणि 'खिळ' म्हणजे नेमके कोठले ते दाखव म्हणाली. भावाने गाडीजवळ नेऊन दाखविले.